दात आणि दोन रकाने

फ्रिजवर कागद लावला त्याला आज एकेचाळीस दिवस.
एका रकान्यावर निनादने लिहिलं, लागतं.
दुसऱ्यावर मी, हवं.
मधली रेघ ईश्वरीने पट्टीने आखली,
इतकी सरळ, की हडर्सफील्डमध्ये असा एकही रस्ता नाही.

कारखान्याने त्याच्या पाच दिवसांचे तीन केले
तेव्हापासून घरात 'फक्त' हा शब्द फार झाला.
फक्त मार्चपर्यंत.
फक्त थोडे बाजूला पडेपर्यंत.

सिनेमांची वर्गणी बंद केली, कुणाला कळलंही नाही.
शुक्रवारचा पिझ्झा गेला, तो सगळ्यांना कळला.
निनादचे केस मी कापले.
दुसऱ्या दिवशी 'लागतं'च्या रकान्यात
त्याच्या अक्षरात: टोपी.

संध्याकाळी साडेसातला दुकानात पिवळ्या चिठ्ठ्या लावतात
दमलेल्या पालकाला, उद्या संपणाऱ्या पावाला.
मी तिथे उभी राहते
भलत्याच कशासाठी तरी आल्यासारखी.
परवा शेजारची मॉरीन भेटली,
तीही भलत्याच कशासाठी तरी आलेली.
आम्ही हवामानावर बोललो,
चारही डोळे वीस पेन्सच्या कोथिंबिरीवर.
जुडी तिने उचलली.
तिला कोथिंबीर कशाला लागते, देव जाणे.

आई फोनवर म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
आई, इथे अंथरूण गरम करायलाही मीटर पळतो,
असं म्हणाले नाही.
म्हणाले, हो.

मग गेल्या आठवड्यात
पेन्सिलींना टोक करायला ईश्वरीची कंपासपेटी घेतली
तर टिश्यूच्या घडीत दात.
खालचा, तांदळाएवढा, मुळाशी वाळलेलं रक्त.
कधी पडला?
सोमवारी.
आणि सांगितलं नाहीस?
ती कागदाकडे बघत राहिली.
परी एक पाउंड देते, म्हणाली. म्हणजे तू देतेस.
तो कुठल्या रकान्यात जातो ते मला कळेना.

मी पोळी उलटायला गेले.
तव्यावर पोळी नव्हती.

परतून तिला सांगितलं:
आमच्या लहानपणी दात उंदराला द्यायचे.
बिळापाशी ठेवायचा आणि म्हणायचं,
माझा तू घे, तुझा मला दे.
फुकट?
फुकट.
मग उंदराला काय मिळतं?
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बीळ नाही आमच्याकडे.
भाडेकरारात उलट कलम आहे,
उंदीर दिसल्यास ताबडतोब कळवावे.
मग छप्पर. माझा भाऊ कौलांवर भिरकवायचा.
दोघी कोट घालून मागच्या अंगणात गेलो,
कचऱ्याच्या डब्यांवर दंव, तिच्या तोंडातून वाफ
आणि त्या वाफेत नवी खिंडार.
तिने जोर लावून फेकला.
पाटीदगडाच्या छपरावर टक्. पुन्हा टक्.
मग घरंगळत पन्हळीत.
मॉरीनचा पडदा हलला.
आता ती आम्हाला काय समजत असेल!

रात्री निनादला सांगितलं.
त्याने उठून तो कागद फाडला वगैरे नाही.
उठला, हीटरचा काटा एक अंश वर नेला,
टोपी काढून बराच वेळ डोकं खाजवलं,
दहा मिनिटांनी काटा परत खाली आणला.

सकाळी ईश्वरी पाउंड घेऊन जिन्यावरून उतरली.
मी ठेवला नव्हता.
तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.
तो टोस्टला लोणी लावण्यात
फारच गढून गेलेला, पातळ, अगदी कडेपर्यंत.

नाणं तिने खिडकीत ठेवलं, भांड्यांच्या साबणाजवळ.
अजून तिथेच आहे.
कुणी ते खर्चलं नाही,
कागदावर मांडलंही नाही.

आणि इथे तर पाऊस रोजचाच.
पन्हळीत काहीतरी वाजतं.
खडा असेल.